प्रॅक्टिकल शूटिंगचे पहिले वर्ष : साहित्य, सराव आणि शिस्त

नेमबाजी म्हटली की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर कोल्हापूर येते आणि ते साहजिकही आहे. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात जगज्जेतेपद मिळवले, राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई क्रीडा स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक जिंकले आणि २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर रायफल थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक पटकावले. या सर्व प्रकारांत नेमबाज ठरलेल्या जागी असतो, लक्ष्य ठरलेल्या अंतरावर असते आणि शरीर जितके स्थिर तितके गुण अधिक. प्रॅक्टिकल शूटिंगमध्ये हे चित्र जवळजवळ उलटे होते. येथे पिस्तूल कमरेच्या होल्स्टरमध्ये असते, घड्याळाचा बीप वाजताच ते काढून दोन्ही हातांनी धरायचे असते, पुठ्ठ्याची आणि पोलादाची लक्ष्ये निरनिराळ्या अंतरांवर, काही आडोशामागे तर काही हलती मांडलेली असतात, आणि एका जागेवरून दुसऱ्या जागी धावत, वाटेत मॅगझिन बदलत, ती सगळी टिपायची असतात. गुणही मोजले जातात आणि सेकंदही.

या खेळाची आंतरराष्ट्रीय संघटना, म्हणजे आयपीएससी, १९७६ मध्ये अमेरिकेतील मिसुरी राज्यातल्या कोलंबिया येथे भरलेल्या परिषदेत स्थापन झाली आणि जेफ कूपर हे तिचे पहिले अध्यक्ष झाले. अचूकता, जोर आणि वेग या अर्थाचे तीन लॅटिन शब्द तिच्या चिन्हावर आहेत आणि खेळाचे सगळे नियम या तिघांमधला तोल सांभाळण्यासाठीच केलेले आहेत. अमेरिकेत या खेळाचा कारभार यूएसपीएसए ही संघटना १९८४ पासून पाहते. भारतात ९ मिलिमीटरचे पिस्तूल प्रतिबंधित बोअरमध्ये, म्हणजे सामान्य नागरिकाला सहसा परवाना मिळत नाही अशा गटात, मोडते आणि हा खेळ तर मुख्यतः त्याच काडतुसावर चालतो. त्यामुळे पुण्या-मुंबईच्या हौशी माणसाला दहा मीटर एअर पिस्तूल हाच जवळचा मार्ग उरतो. पुढील मार्गदर्शन म्हणूनच प्रामुख्याने अमेरिकेत स्थायिक झालेल्या आणि शनिवार-रविवारी क्लबच्या सामन्याला जाऊ इच्छिणाऱ्या मराठी माणसासाठी आहे. त्याचे सार आधीच सांगून टाकतो : पैसा पिस्तुलावर बेताचा खर्च करावा, वेळ मात्र रिकाम्या पिस्तुलावर भरपूर खर्च करावा.

कायद्याची पायरी

साहित्याच्या यादीपूर्वी स्वतःचा व्हिसा पाहावा. एच-१बी, एफ-१ यांसारख्या बिगर-स्थलांतरित व्हिसावर असलेल्या व्यक्तीला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा काडतुसे बाळगण्यास मनाई आहे. या मनाईला काही अपवाद आहेत आणि त्यांतला नेहमी सांगितला जाणारा अपवाद म्हणजे एखाद्या राज्याचा वैध शिकारी परवाना. रेंजवर भाड्याने घेतलेले पिस्तूल किंवा मित्राने ‘बघ जरा चालवून’ म्हणून हातात दिलेले पिस्तूल हेसुद्धा बाळगणेच ठरू शकते, आणि अशा प्रकरणाची झळ स्थलांतराच्या अर्जापर्यंत पोहोचते. ग्रीन कार्डधारकाला आणि नागरिकाला हे बंधन लागू नाही. राज्याराज्यांचे नियमही वेगळे आहेत. कॅलिफोर्निया आणि न्यू जर्सी येथे मॅगझिनमध्ये दहापेक्षा अधिक गोळ्यांची मुभा नाही, ही गोष्ट या खेळात फार फरक पाडते. शंका असेल तेथे क्लबमधील जाणत्याचे मत ऐकून घ्यावे, पण निर्णय वकिलाला विचारूनच करावा.

गुणांचे गणित

पुठ्ठ्याचे प्रमाणित लक्ष्य साधारण १८ इंच रुंद आणि ३० इंच उंच असते. मधला ‘ए’ विभाग सुमारे सहा इंच रुंद आणि अकरा इंच उंच असतो, त्याच्या भोवती ‘सी’ आणि कडेला ‘डी’. ‘ए’ला ५ गुण मिळतात. ‘सी’ आणि ‘डी’चे गुण काडतुसाच्या जोरावर ठरतात. गोळीचे ग्रेन या मापातील वजन गुणिले फूट प्रतिसेकंदातील वेग भागिले हजार, असे हे गणित असून त्यातून निघणाऱ्या आकड्याला पॉवर फॅक्टर म्हणतात. १२४ ग्रेनची गोळी १०५० च्या वेगाने जात असेल तर हा आकडा १३०.२ येतो, किमान १२५ ही अट पूर्ण होते आणि नेमबाज ‘मायनर’ गटात मोजला जातो, जेथे ‘सी’ला ३ आणि ‘डी’ला १ गुण असतो. यूएसपीएसएमध्ये १६५ किंवा त्याहून अधिक आल्यास ‘मेजर’ मानले जाते आणि तेच गुण ४ व २ होतात, मात्र नवोदिताने ज्या डिव्हिजनमध्ये, म्हणजे साहित्याच्या प्रकारानुसार केलेल्या गटांत, खेळावे असे मी पुढे सुचवणार आहे त्यांत सर्वांनाच मायनर गुण मिळतात. लक्ष्य चुकल्यास १० गुण वजा होतात, आणि ज्याच्यावर गोळी झाडायची नाही अशा पांढऱ्या लक्ष्याला गोळी लागल्यास तेवढेच.

मिळालेल्या गुणांना लागलेल्या सेकंदांनी भागले की ‘हिट फॅक्टर’ निघतो आणि खेळाचे सगळे मर्म या एका भागाकारात आहे. बारा गोळ्यांची स्टेज, म्हणजे सामन्यातील लक्ष्यांची एक मांडणी, घेऊ. पहिल्या नेमबाजाने बारा ‘ए’ लावून ६० गुण मिळवले, पण दहा सेकंद घेतले. त्याचा हिट फॅक्टर ६. दुसऱ्याने नऊ ‘ए’ आणि तीन ‘सी’ लावले, म्हणजे ५४ गुण, आणि आठ सेकंदांत काम संपवले, त्याचा ६.७५. तिसरा सहा सेकंदांत सुटला, त्याचे आठ ‘ए’ आणि दोन ‘सी’ लागले, मात्र दोन गोळ्या चुकल्या. ४६ मधून २० गेले, उरले २६ आणि हिट फॅक्टर जेमतेम ४.३३. पहिल्याची काळजी त्याला थोडी महाग पडली आणि तिसऱ्याची घाई त्याला फारच महाग पडली.

हाच हिशेब उलट्या बाजूने मांडला की सरावासाठी अधिक उपयोगी पडतो. स्टेजचा हिट फॅक्टर ६ च्या आसपास असेल तर ‘ए’ऐवजी ‘सी’ लागल्याने गेलेले दोन गुण म्हणजे सुमारे एकतृतीयांश सेकंद. ‘डी’ म्हणजे दोनतृतीयांश सेकंद. पूर्ण चुकलेली गोळी मात्र हुकलेले ५ आणि दंडाचे १० मिळून १५ गुणांची, म्हणजे अडीच सेकंदांची. अडीच सेकंदांत सावकाश नेम धरून दोन गोळ्या सहज झाडता येतात. नवोदित हे गणित कागदावर मान्य करतो आणि बीप वाजताच विसरतो. ते हातात उतरायला महिने लागतात.

साहित्य

डिव्हिजन निवडली की निम्मी खरेदी आपोआप ठरते. ओपनमध्ये कॉम्पेन्सेटर (नळीच्या टोकाचा, उसळी कमी करणारा भाग), लांबलचक मॅगझिन आणि खास बनवलेली पिस्तुले चालतात; ती दिसायला देखणी आणि खिशाला भारी असतात, ती नंतर पाहावीत. नवोदिताने प्रॉडक्शन किंवा कॅरी ऑप्टिक्स निवडावी. प्रॉडक्शनमध्ये नेम धरण्यासाठी पिस्तुलाची साधी धातूची साइट असते, तर कॅरी ऑप्टिक्समध्ये स्लाइडवर लाल ठिपका दाखवणारी छोटी काच बसवलेली असते. ज्यांची चाळिशी उलटली आहे आणि पुढची साइट ज्यांना पुसट दिसू लागली आहे त्यांनी फार विचार न करता कॅरी ऑप्टिक्स घ्यावी, कारण ठिपक्याच्या पद्धतीत नजर लक्ष्यावरच ठेवायची असते.

पिस्तूल ९ मिलिमीटरचे आणि पूर्ण आकाराचे असावे. खिशात मावणारे छोटे पिस्तूल धक्का जास्त देते आणि हाताला पकड कमी देते. ग्लॉक १७ किंवा ३४ आणि वॉल्थर पीडीपी ही हलक्या पॉलिमर बांधणीची पिस्तुले सामन्यांत सर्रास दिसतात. सीझेड शॅडो २ हे पोलादी पिस्तूल सुमारे १.३ किलो भरते आणि हे वजन पिस्तुलाची उसळी दाबून धरते, म्हणून वरच्या श्रेणीतील अनेकांची पसंती त्याला आहे. तरीही जे आधीपासून घरात आहे आणि अडखळत नाही तेच घेऊन पहिले पाच सामने खेळावेत, असे माझे ठाम मत आहे. ट्रिगर बदलणे, स्प्रिंगा बदलणे आणि ग्रिपवर खरखरीत टेप लावणे यांत हौशी माणूस जी संध्याकाळ घालवतो, तिच्यात त्याने दोनशे वेळा ड्रॉ केला असता, म्हणजे होल्स्टरमधून पिस्तूल काढून नेम धरला असता, तर त्याला अधिक गुण मिळाले असते.

होल्स्टर कायडेक्स या कडक प्लास्टिकचे, घट्ट बसणारे आणि ट्रिगर पूर्ण झाकणारे असावे. ज्यातून पिस्तूल सोडवण्यासाठी ट्रिगरच्याच बोटाने बटण दाबावे लागते असे होल्स्टर घेऊ नये. घाईत तेच बोट पुढे सरकून ट्रिगरवर जाते, आणि काही क्लब असे होल्स्टर चालवूनही घेत नाहीत. पट्टा दुहेरी असतो : आतला पातळ पट्टा पँटच्या लुपांतून ओवायचा आणि बाहेरचा कडक पट्टा त्यावर व्हेल्क्रोने बसवायचा. नेहमीच्या चामडी पट्ट्यावर होल्स्टर लटकवले तर ते प्रत्येक ड्रॉच्या वेळी वेगळ्या जागी सापडते आणि मग सरावाला अर्थ राहत नाही. पट्ट्यावर तीन किंवा चार मॅगझिन पाउच असावेत आणि जवळ किमान पाच मॅगझिने. कॅरी ऑप्टिक्समध्ये मॅगझिनची लांबी १४१.२५ मिलिमीटरपर्यंत चालते. योग्य बेसपॅड (मॅगझिनच्या तळाचा जोडतुकडा) लावल्यास तेवढ्यात वीसहून अधिक गोळ्या बसतात. मोठी स्टेज ३२ गोळ्यांपर्यंत असू शकते, त्यामुळे एकदा तरी मॅगझिन बदलावेच लागते. मॅगझिनांवर क्रमांक लिहावेत, म्हणजे पिस्तूल अडखळले तर दोष कोणत्या मॅगझिनचा ते दोन सामन्यांत कळते.

कानांसाठी इलेक्ट्रॉनिक मफ घ्यावेत, कारण त्यांतून रेंज ऑफिसरच्या, म्हणजे स्टेज चालवणाऱ्या पंचाच्या, आज्ञा ऐकू येतात आणि स्फोटाचा आवाज दबतो. बंदिस्त रेंजवर त्यांच्या आत फोमचे बोळेही घालावेत. चष्मा पॉलिकार्बोनेटचा, झेड८७.१ या मानकाचा असावा, कारण पोलादी लक्ष्यावर आपटलेल्या गोळीचे बारीक तुकडे मागे उडतात. याच कारणाने पोलादावर २३ फुटांपेक्षा जवळून गोळी झाडण्यास सामन्यात मनाई आहे आणि सरावातही ती पाळावी. खडीवर न घसरणारे बूट आणि कडेची टोपी यांना नवोदित गौण मानतो, पण तापलेले रिकामे काडतूस चष्म्याच्या आत पडते तेव्हा टोपीचे महत्त्व पटते. शॉट टायमर मात्र पहिल्या महिन्यातच घ्यावा. तो प्रत्येक गोळीची वेळ वेगळी दाखवतो आणि आपण वेगवान आहोत हा गैरसमज लगेच दूर करतो.

काडतुसे कारखान्यात भरलेलीच घ्यावीत. घरी काडतुसे भरण्याचा छंद स्वतंत्र आहे आणि त्याचे शिक्षणही स्वतंत्र आहे.

सामन्यातून बाद होण्याची कारणे

पहिल्या सामन्याचे उद्दिष्ट एकच असावे : दिवस संपेपर्यंत खेळात राहणे. या खेळात धोक्याच्या चुकीला ताकीद नसते, सरळ बाद केले जाते आणि उरलेला दिवस इतरांच्या लक्ष्यांवरची भोके चिकटपट्टीने बुजवण्यात जातो. पिस्तुलाची नळी नेहमी गोळ्या अडवणाऱ्या मातीच्या बांधाच्या दिशेने राहिली पाहिजे. नेमबाजाच्या दोन्ही बाजूंना, बांधाला समांतर, एक काल्पनिक रेषा धरली जाते आणि तिच्या मागे नळी वळली की तो बाद होतो. यालाच १८० अंशांचा नियम म्हणतात. ट्रिगरवरचे बोट हा दुसरा मोठा विषय. लक्ष्यावर नेम नसताना, धावताना, मॅगझिन बदलताना आणि अडकलेले काडतूस काढताना बोट ट्रिगर गार्डच्या बाहेर, फ्रेमला लावलेले दिसले पाहिजे, आणि ‘दिसले’ हा शब्द मी मुद्दाम वापरला आहे, कारण रेंज ऑफिसर तेच पाहत असतो.

माझ्या तिसऱ्या सामन्यात मी बाद झालो तो डावीकडे धावताना. उजव्या हाताने पिस्तूल धरणारा माणूस उजवीकडे धावतो तेव्हा नळी सहज बांधाकडे राहते. डावीकडे धावताना मात्र छाती डावीकडे वळते, मॅगझिन बदलण्यासाठी पिस्तूल तिरपे केले की नळीही डावीकडे जाते आणि बघता बघता रेषा ओलांडते. मॅगझिनकडे माझी नजर होती, नळीकडे नव्हती. तेव्हापासून डावीकडे जायचे असेल तर मी मॅगझिन आधी, जागच्या जागी किंवा पहिल्याच पावलावर बदलतो, आणि धावताना नळी लक्ष्यांकडे ठेवण्यासाठी मनगट जाणीवपूर्वक उजवीकडे मोडतो. नवोदिताने घरात ही एक हालचाल शंभर वेळा तरी करून पाहावी.

आणखी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. रेंजवर पिस्तूल रिकामेच असते आणि रेंज ऑफिसरच्या आज्ञेशिवाय त्याला हात लावायचा नसतो. होल्स्टरमध्ये ठेवणे, काढणे, पट्टा जुळवणे हे सगळे ‘सेफ एरिया’ नावाच्या ठरावीक टेबलाशी करायचे असते. त्या टेबलाशी पिस्तूल हाताळता येते, पण काडतूस हातात घेता येत नाही, खोटे काडतूससुद्धा नाही. दुसरी गोष्ट म्हणजे पिस्तूल कधी होल्स्टरमधून निसटून जमिनीवर पडले तर ते स्वतः उचलू नये. झेल घेण्याचा तर प्रयत्नही करू नये. थांबावे आणि रेंज ऑफिसरला हाक मारावी; तो ते उचलेल, तपासेल आणि परत देईल.

घरातला सराव

९ मिलिमीटरची एक गोळी सध्या साधारण पंचवीस-तीस सेंटला पडते, म्हणजे दोनशे गोळ्यांचा एक तास पन्नास-साठ डॉलरचा होतो आणि रेंजचे भाडे वेगळे. ड्राय प्रॅक्टिसला, म्हणजे रिकाम्या पिस्तुलावरच्या सरावाला, काहीच लागत नाही. नेम, पकड, ड्रॉ, मॅगझिन बदलणे, एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर नजर नेणे, धावून जागेवर स्थिरावणे, या खेळातल्या बहुतेक हालचाली गोळीविना शिकता येतात. रोज पंधरा मिनिटे, आठवड्यातून पाच दिवस, एवढा नेम ज्याने सहा महिने पाळला तो क्लबमधल्या निम्म्या लोकांच्या पुढे गेलेला दिसतो.

मात्र घरातल्या अपघातांचे मूळही याच सरावात आहे, म्हणून त्याचा विधी काटेकोर असावा. काडतुसे दुसऱ्या खोलीत, बंद कपाटात ठेवावीत. पिस्तूल उघडून चेंबर (नळीच्या मुळाशी काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी पाहावे आणि करंगळीने चाचपावे, प्रत्येक मॅगझिन तपासावे आणि मगच सरावाच्या खोलीत यावे. अमेरिकेतील घरांच्या आतल्या भिंती बहुतेक ठिकाणी पातळ जिप्समच्या असतात, त्यांतून गोळी सहज आरपार जाते. त्यामुळे लक्ष्य तळघराच्या काँक्रीटच्या भिंतीवर किंवा पुस्तकांनी गच्च भरलेल्या कपाटासमोर लावावे. खिडक्यांचे पडदे ओढावेत, शेजाऱ्याला घाबरवण्याचे कारण नाही. सराव संपला की लक्ष्य भिंतीवरून काढावे आणि ‘सराव संपला’ असे मोठ्याने म्हणावे. हे पोरकट वाटेल, पण अनेक दुर्घटना सराव संपवून पिस्तूल पुन्हा भरल्यानंतर ‘शेवटचे एकदा’ म्हणून केलेल्या ड्रॉमध्ये होतात. २२ कॅलिबरच्या रिमफायर पिस्तुलावर हा सराव निर्मात्याचे सूचनापत्रक पाहिल्याशिवाय करू नये, कारण त्याची पिन रिकाम्या चेंबरच्या कडेवर आपटून खराब होऊ शकते.

खोली लहान असली तरी अडचण नाही. मूळ लक्ष्याची एकतृतीयांश आकाराची प्रत कागदावर छापून दहा फुटांवर लावली तर ती डोळ्याला तीस फुटांवरच्या, म्हणजे दहा यार्डांवरच्या पूर्ण लक्ष्याएवढी दिसते. अशी तीन लक्ष्ये वेगवेगळ्या उंचीवर लावावीत.

सुरुवातीचे पाच मिनिट घड्याळ लावू नये. दोन्ही हातांनी पिस्तूल धरावे : उजव्या हाताचा पंजा ग्रिपवर शक्य तितका वर, डावा तळहात उरलेल्या मोकळ्या जागेवर पूर्ण टेकलेला, दोन्ही अंगठे पुढच्या दिशेला. जोर डाव्या हाताचा जास्त असावा, कारण उजव्या हाताने मुठीला फार आवळले की ट्रिगरचे बोटही आखडते. आता भिंतीकडे तोंड करून ट्रिगर दाबावा आणि ठिपका हलतो का ते पाहावे. हलत असेल तर अंतर किंवा लक्ष्य यांचा विचारही करू नये; तो थांबेपर्यंत याच ठिकाणी थांबावे.

मग ड्रॉ. हात शरीराच्या बाजूला सैल सोडलेले, फोनवरच्या टायमरला दोन सेकंदांची मर्यादा. पहिला बीप वाजताच उजवा हात पिस्तुलावर पूर्ण पकड घेतो, डावा हात त्याच क्षणी छातीशी येतो, दोन्ही हात छातीसमोर जुळतात आणि पिस्तूल नजरेच्या रेषेत पुढे जाते. दुसरा बीप वाजण्यापूर्वी ठिपका ‘ए’मध्ये स्थिर दिसला पाहिजे आणि ट्रिगर दाबला गेला पाहिजे. डोके पिस्तुलाकडे झुकवू नये, पिस्तूल डोळ्यांकडे आणावे. सलग दहापैकी आठ वेळा जमले की मर्यादा दशांश सेकंदाने कमी करावी आणि दीड सेकंदापर्यंत यावे. त्याहून खाली जाण्याची पहिल्या वर्षी निकड नसते. पिस्तूल परत होल्स्टरमध्ये ठेवताना मात्र घड्याळ विसरावे, होल्स्टरकडे पाहावे आणि सावकाश ठेवावे. वेगाने होल्स्टर करण्याचे गुण कोणी देत नाही.

मॅगझिन बदलताना नजर पिस्तुलाच्या मुठीतील मॅगझिनच्या खाचेकडे, पिस्तूल हनुवटीच्या उंचीवर, आणि पाउचमधून येणाऱ्या मॅगझिनवर तर्जनी पुढच्या गोळीच्या टोकापर्यंत पोहोचलेली, एवढे तीन मुद्दे पाळले की उरलेले काम सवयीचे आहे. जमिनीवर जुनी चटई अंथरावी, नाहीतर मॅगझिनच्या पडण्याने घरातल्यांची झोप आणि मॅगझिनचे ओठ दोन्ही बिघडतात.

लक्ष्यांतर हा भाग नवोदित टाळतो आणि सर्वाधिक वेळ तेथेच गमावतो. एका लक्ष्यावरून दुसऱ्यावर जाताना पिस्तूल आधी हलवले तर ते पुढे सरकून मागे यावे लागते. आधी डोळे जावेत, पुढच्या लक्ष्याच्या अगदी मध्यबिंदूवर टेकावेत, आणि मग पिस्तूल त्या जागी आपोआप पोहोचते. या सरावात ट्रिगर दाबण्याची गरजही नाही. नजर टेकली, ठिपका आला, पुढे चला.

ड्राय प्रॅक्टिसची एक खोट सांगितली पाहिजे. येथे चूक दिसत नाही, त्यामुळे माणूस स्वतःला फसवतो : ठिपका नीट न दिसताच ट्रिगर दाबतो, बीपच्या आत आलो म्हणून खूश होतो आणि पकड हळूहळू सैल होत जाते, कारण पिस्तूल उसळतच नाही. यावर उपाय म्हणजे प्रत्येक वेळी स्वतःला विचारणे की ठिपका कुठे होता. उत्तर देता आले नाही तर तो प्रयत्न मोजू नये.

रेंजवरचा सराव

बऱ्याच बंदिस्त रेंजवर होल्स्टरमधून ड्रॉ करण्यास आणि वेगाने गोळ्या झाडण्यास मनाई असते, म्हणून ज्या क्लबच्या सामन्यांना जायचे त्याच क्लबचे सभासदत्व घ्यावे आणि मोकळ्या बांधावर सराव करावा. पंधरवड्यातून एकदा, दीडशे गोळ्या, पुरे होतात. रेंजवर जाण्याचा हेतू घरात तपासता न येणाऱ्या गोष्टी तपासणे हा असतो, म्हणजे उसळी, पकड आणि दचकणे.

पहिल्या दहा गोळ्या २५ यार्डांवरून सावकाश झाडाव्यात आणि त्यांचा घोळका कुठे पडतो ते वहीत लिहावे. नंतर मित्राकडून मॅगझिनमध्ये मधूनच एक-दोन खोटी काडतुसे मिसळून घ्यावीत. खोट्या काडतुसावर ट्रिगर दाबताच नळी खाली बुचकळली तर आपण स्फोटाआधीच पिस्तूल ढकलतो आहोत हे कळते. डाव्या-खालच्या कोपऱ्यात पडणाऱ्या गोळ्यांचे कारण बहुतेक वेळा हेच असते, पिस्तुलाची साइट नव्हे. त्यानंतर ‘बिल ड्रिल’ : सात यार्डांवर एक लक्ष्य, ड्रॉ करून सहा गोळ्या, सगळ्या ‘ए’मध्ये. यात पकड खरी की खोटी ते लगेच उघड होते, कारण पकड सैल असेल तर तिसऱ्या-चौथ्या गोळीपासून गोळ्या वर किंवा बाजूला पांगू लागतात.

शेवटी ‘एल प्रेसिडेंटे’ हा कूपर यांनी रचलेला प्रकार करावा. दहा यार्डांवर तीन लक्ष्ये, एकमेकांपासून एक यार्ड अंतरावर. नेमबाज पाठ करून उभा. बीप वाजताच वळायचे आणि वळणे पूर्ण झाल्यावरच ड्रॉ करायचा, प्रत्येकी दोन गोळ्या, मॅगझिन बदल, पुन्हा प्रत्येकी दोन. बारा गोळ्यांत ड्रॉ, लक्ष्यांतर आणि मॅगझिन बदल तिन्ही येतात. दहा सेकंद हा त्याचा जुना मानदंड आहे. दर महिन्याला तो एकदाच, थंड हातांनी, म्हणजे आधी सराव न करता, पहिल्याच प्रयत्नाचा आकडा धरून करावा आणि हिट फॅक्टर नोंदवावा. चौथ्या प्रयत्नात आलेला सुंदर आकडा कामाचा नाही, कारण सामन्यात प्रत्येक स्टेज एकदाच मिळते.

सामन्याचा दिवस

क्लबच्या सामन्याची नोंदणी बहुतेक ठिकाणी प्रॅक्टिस्कोअर या संकेतस्थळावर होते. नोंदणीतच ‘पहिला सामना’ असे कळवावे. काही क्लब नवोदितांसाठी आधी सुरक्षिततेचा वर्ग ठेवतात आणि तो चुकवू नये. पाच-सहा स्टेजांच्या सामन्याला दीडशे गोळ्या लागतात असे धरून दोनशे-अडीचशे न्याव्यात. पाणी दुप्पट न्यावे. डब्यात भडंग नेल्यास गट आपला होतो, हा माझा अनुभव आहे, पण खाण्यापूर्वी हात धुण्याची अट त्यालाही आहे.

स्टेजचे वर्णन वाचून झाल्यावर ती चालून पाहण्यासाठी साधारण पाच मिनिटे मिळतात. या वेळेत प्रत्येक लक्ष्य कोणत्या जागेवरून दिसते ते मोजावे, एकूण संख्या वर्णनाशी जुळते का पाहावे, मॅगझिन कुठे बदलायचे ते ठरवावे आणि मग बाजूला उभे राहून डोळे मिटून सगळा क्रम मनात दोनदा पळवावा. डोळे मिटून पुढचे लक्ष्य आठवत नसेल तर बीपनंतरही आठवणार नाही. नवोदिताने हुशारीची योजना करू नये. जवळची जागा, सोपा क्रम, एक मॅगझिन बदल जास्त झाला तरी चालेल.

‘मेक रेडी’ म्हटल्यावरच पिस्तूल भरायचे. ‘आर यू रेडी’ला मान डोलावली तरी पुरते, नंतर ‘स्टँडबाय’ आणि काही क्षणांत बीप. शेवटची गोळी झाडून झाल्यावर ‘इफ यू आर फिनिश्ड, अनलोड अँड शो क्लिअर’ ही आज्ञा येते. मॅगझिन काढून, चेंबर रिकामे करून रेंज ऑफिसरला दाखवायचे, ‘इफ क्लिअर, हॅमर डाउन, होल्स्टर’ म्हटल्यावर बांधाकडे नळी ठेवून ट्रिगर दाबायचा आणि पिस्तूल होल्स्टरमध्ये ठेवायचे. ‘रेंज इज क्लिअर’ ऐकू येईपर्यंत स्टेज संपलेली नसते. याच टप्प्यावर, सुटकेच्या नि:श्वासात, पुष्कळ नवोदित मागे वळतात आणि बाद होतात. मधेच ‘स्टॉप’ ऐकू आले तर पाय आणि बोट दोन्ही जागच्या जागी थांबवावेत.

दुसऱ्याची पाळी असताना लक्ष्ये बुजवावीत आणि पडलेली पोलादी लक्ष्ये उभी करावीत. न मागता काम करणाऱ्याला या खेळात लगेच शिक्षक मिळतात. सभासद झाल्यावर काही प्रमाणित स्टेजांच्या गुणांवरून श्रेणी मिळते : ४० टक्क्यांखाली डी, ४० पासून सी, ६० पासून बी, ७५ पासून ए, ८५ पासून मास्टर आणि ९५ पासून ग्रँडमास्टर. पहिल्या वर्षी सी श्रेणी म्हणजे चांगली प्रगती समजावी.

परत आल्यावर हात थंड पाण्याने आणि साबणाने धुवावेत, कारण गोळी आणि प्रायमर (काडतुसाच्या बुडाशी असलेला, ठिणगी देणारा भाग) यांतून निघालेली शिशाची धूळ त्वचेवर बसते आणि तेथून तोंडात जाते. घरात लहान मूल असेल तर बूट दाराबाहेर आणि कपडे वेगळ्या धुण्यात.

आणि रेंजची बॅग फक्त रेंजपुरतीच ठेवावी. तिच्या शिवणीत, बाजूच्या खिशात एखादे काडतूस राहून जाते. तीच बॅग घेऊन दिवाळीला मुंबईला निघालेल्या माणसाच्या सामानात ते विमानतळावरील तपासणीत सापडते आणि विनापरवाना जिवंत काडतूस जवळ ठेवल्याबद्दल भारतीय शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होतो. ते नकळत राहिले होते हे न्यायालयात पुढे सिद्ध करता येते, पण तोवर सुट्टी संपलेली असते. त्यामुळे भारतात जाण्याची बॅग नवी असावी, आणि तीही भरण्यापूर्वी उलटी करून झटकावी.